बारा तुकडे, साठ घरं: पेंटोमिनोच्या लाकडी संचाबद्दल

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आतल्या अंगाला खेळण्यांचं एक जुनं दुकान आहे. तिथे मला पेंटोमिनोचा लाकडी संच मिळाला, ६५० रुपयांना. संच काउंटरवर मांडलेला नसतो, मागून काढून देतात. 'पेंटोमिनो' म्हणून मागितला तर मुलगा गोंधळतो, 'टेट्रिससारखे लाकडी तुकडे' म्हटलं की लगेच आणतो. सोमवारी दुकान बंद.

निकाल आधीच सांगतो: घ्यावा. घरात सात-आठ वर्षांच्या पुढचं मूल असेल तर जरूर घ्यावा, नसेल तर स्वतःसाठी घ्यावा. लाकूडकाम चोख आहे, आणि खेळाचा नियम एका वाक्यात सांगून होतो. फक्त डब्यात जे चार पानी माहितीपत्रक आहे, त्यातला 'नावाचा उगम' हा मजकूर मुलांना वाचून दाखवू नका. तो चुकीचा आहे. खरी हकीकत त्याहून कितीतरी सुंदर आहे आणि ती मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण या खेळाचं निम्मं सुख मला त्याच्या नावातच मिळालं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: एकसारखे पाच चौरस घ्यायचे आणि कडेला पूर्ण कड भिडवून जोडायचे. फिरवून किंवा उलटून एकमेकांवर तंतोतंत बसणारे आकार एकच धरायचे. असे वेगवेगळे आकार नेमके १२ होतात, तेरावा होतच नाही. बारा पंचे साठ, म्हणून ६ × १० घरांचं तबक, आणि त्यात बाराही तुकडे बसवायचे. तुकड्यांना रोमन अक्षरांची नावं आहेत, कारण ते थोडेफार तसे दिसतात: एफ, आय, एल, एन, पी, आणि मग टीपासून झेडपर्यंत सलग. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या पोरांनी मात्र आपली नावं पाडली आहेत. एक्सला 'अधिक', डब्ल्यूला 'जिना', आयला 'पट्टी', पीला 'बूट'. एफला कोणालाच नाव सुचेना, तेव्हा माझ्या नातीने त्याचं नाव 'वाकडोबा' ठेवलं आणि आता सगळे तेच म्हणतात.

लाकूडकामाबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजतो. गिरगावात, खोताच्या वाडीजवळच्या एका छापखान्यात मी जुळारी होतो. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान बांधायचं, मोकळ्या जागेत पट्ट्या भरायच्या, लोखंडी चौकटीत सगळं आवळायचं आणि मग चौकट उचलून बघायची. एक खिळा खाली पडला तरी पान सैल, पुन्हा बांधा. या संचालाही मी तीच परीक्षा लावली. तबक पूर्ण भरलं आणि उभं धरलं. एकही तुकडा सरकला नाही. तबक पुन्हा आडवं ठेवलं तर तेच तुकडे बोटाने सहज उचलता आले, कारण तबकाच्या एका कडेला अर्धगोल खाच ठेवली आहे. घट्ट बसणं आणि सहज निघणं ही दोन्ही एकत्र साधायला मापं काटेकोर लागतात. बाजारात एमडीएफचे रंगीत संच याच्या निम्म्या किमतीत मिळतात, पण मी पाहिलेल्यांत तुकडे एकतर खुळखुळत होते किंवा शेवटचा तुकडा अंगठ्याने दाबून बसवावा लागत होता. असं दाबून बसवणं वाईट, कारण मुलाला आपली मांडणीच चुकली असं वाटतं.

तुकडे सागाचे आहेत आणि प्रत्येक तुकडा एकसंध फळीतून कापलेला आहे, चौकोनी ठोकळे डिंकाने चिकटवलेले नाहीत. रंग नाही, नुसतं पॉलिश, आणि दोन्ही बाजू सारख्या. हे फार महत्त्वाचं आहे. एकाच बाजूला रंग दिलेला असला की मूल तुकडा उलटायला कचरतं, आणि उलटायचंच नाही असं ठरवलं तर आकार १२ राहत नाहीत, १८ होतात. एफ, एल, एन, पी, वाय आणि झेड या सहा तुकड्यांचं आरशातलं रूप वेगळं असतं, ती सहा रूपं मग स्वतंत्र मोजावी लागतात. मुंबईच्या पावसात लाकूड थोडं फुगणारच. जुलैत एक्स जरा आवळ झाला होता, गणपतीनंतर पुन्हा मोकळा झाला. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली जाडीची. प्रत्येक चौरसाची बाजू २ सेंटिमीटर आहे, पण तुकड्याची जाडी १.२ सेंटिमीटरच ठेवली आहे. जाडीही २ सेंटिमीटर ठेवली असती तर प्रत्येक तुकडा पाच घनांचा झाला असता, आणि त्याच बारा तुकड्यांतून ३ × ४ × ५ चा भरीव ठोकळा रचता आला असता. तो ३९४० प्रकारे रचता येतो. एवढा मोठा दुसरा खेळ आठ मिलिमीटर लाकडापायी गेला. कारागिराने लाकूड वाचवलं असेल, वजन कमी केलं असेल, कारणं असतील, पण मला त्याची हळहळ वाटते. तुम्ही दुसरीकडून संच घेणार असाल तर पट्टी घेऊन जा आणि जाडी मोजून घ्या.

दुसरी तक्रार झाकणाची. झाकणाच्या आतल्या बाजूला तबक भरण्याची एक रीत छापून 'उत्तर' असं लिहिलं आहे. ६ × १० चं तबक २३३९ प्रकारे भरता येतं, आणि यात संपूर्ण तबक फिरवून किंवा आरशात पाहून होणारे प्रकार वेगळे मोजलेलेच नाहीत. हा आकडा १९६० साली इंग्लंडमधल्या हेझलग्रोव्ह दांपत्याने संगणकाकडून काढून घेतला. एवढ्या उत्तरांपैकी एक छापून त्याला 'उत्तर' म्हटलं की मुलं तेच नकलतात. मी आमच्या झाकणावर आतून घोटीव कागद चिकटवला आहे.

आता माहितीपत्रक. त्यात छापलेलं वाक्य असं: 'पेंटोमिनो हा प्राचीन ग्रीक शब्द असून पेंटा म्हणजे पाच व मिनो म्हणजे चौकोन.' हे वाचल्यावर माझ्यातला जुळारी स्वस्थ बसेना. शब्द प्राचीन नाही, अख्खा ग्रीक नाही, आणि 'मिनो' म्हणजे चौकोन असं जगातल्या कुठल्याच भाषेत नाही. छापखान्यात आम्ही एका कोशाचे फर्मे बरीच वर्षं जुळवले, आणि शब्दाचं मूळ तपासल्याशिवाय छापायचं नाही ही शिस्त तिथे अंगात मुरली. मुलं छापलेल्या कागदावर विश्वास ठेवतात. म्हणून ही चूक मला लहान वाटत नाही.

हा शब्द १९५३ साली तयार झाला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सॉलोमन गोलोंब नावाचा विशीतला विद्यार्थी होता. पुढे त्याने कॅलिफोर्नियात अंतराळ-संदेशवहनाच्या गणितात मोठं नाव कमावलं आणि तो २०१६ साली वारला. १९५३ साली मात्र तो हार्वर्डच्या गणित मंडळात बोलायला उभा राहिला होता आणि विषय होता बुद्धिबळाच्या पटावर तुकडे बसवण्याचा. दोन घरं झाकणाऱ्या तुकड्याला इंग्रजीत नाव होतंच: डॉमिनो, त्या ठिपक्यांच्या खेळातल्या सोंगटीवरून. मग तीन घरं झाकणाऱ्याला काय म्हणायचं? चार, पाच, कितीही घरं झाकणाऱ्याला? गोलोंबने डॉमिनो हा शब्द खेळकरपणे कापला. सुरुवातीचा 'ड' म्हणजे 'दोन' असं धरलं, उरलेला 'ओमिनो' हा तुकडा हाती घेतला आणि त्याच्यापुढे ग्रीक संख्या लावत गेला. ट्रोमिनो, टेट्रोमिनो, पेंटोमिनो, हेक्सोमिनो. आणि सगळ्यांना मिळून पॉलिओमिनो, म्हणजे पुष्कळ घरांचा. १९५४ साली हा शब्द त्याच्या लेखातून छापून आला, १९५७ साली मार्टिन गार्डनर यांनी एका विज्ञान मासिकातल्या सदरातून तो घरोघर पोचवला आणि १९६५ साली गोलोंबचं या विषयावरचं पुस्तक निघालं.

म्हणजे कापायची जागासुद्धा पत्रकात चुकली आहे. तुकडा 'मिनो' नाही, 'ओमिनो' आहे. पेंट आणि ओमिनो.

आणि डॉमिनोतला 'ड' दोनचा नाहीच. इथेच खरी मजा आहे. डॉमिनो हा शब्द लॅटिन 'डोमिनुस'वरून आला, आणि त्याचा अर्थ स्वामी, प्रभू. युरोपात धर्मगुरूंच्या टोपी लावलेल्या काळ्या झग्याला डॉमिनो म्हणत. अठराव्या शतकात तेच नाव सोंगट्यांच्या खेळाला मिळालेलं दिसतं; सोंगटीच्या काळ्या पाठीवरून मिळालं असावं असं सांगितलं जातं. आमच्या छापखान्यात डॉमनिक नावाचा मशीनमन होता, खोताच्या वाडीतला ईस्ट इंडियन ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारा. त्याचं नाव याच डोमिनुसचं, आणि पोर्तुगीजमध्ये रविवारला दोमिंगु म्हणतात तेही याचंच, प्रभूचा वार म्हणून.

डोमिनुसच्या मागे आणखी एक शब्द आहे, 'डोमुस', म्हणजे घर. घराचा धनी तो डोमिनुस. आता आपल्याकडे या. वेदात 'दम' म्हणजे घर. लॅटिन डोमुस आणि संस्कृत दम ही एकाच मुळाची पोरं. त्या दमाचा पती तो दंपती, घराचा धनी. तो शब्द द्विवचनात आला की घराचे दोघे धनी, नवरा आणि बायको. मराठीत आपल्याला फक्त हा जोडीचा अर्थ उरला आहे, दांपत्य शब्दही त्यातूनच आला. म्हणजे ज्या डॉमिनोत गोलोंबने दोन पाहिले, त्याच्या मुळाशी दोन नव्हते, घर होतं. आणि त्याच मुळाचा आपला शब्द मात्र फिरून दोघांवर येऊन थांबला. बुद्धिबळाच्या पटावरच्या चौरसालाही आपण घरच म्हणतो. या जुळणीमागे कोणाची योजना नाही हे मला ठाऊक आहे, तरी ती कळल्यापासून मी हे तुकडे हातात घेतले की एक वेगळाच आनंद होतो.

शब्द असा भलत्या ठिकाणी कापून नवे शब्द करणं इंग्रजीत नवं नाही. हॅम्बर्गर हे हॅम्बुर्ग शहरावरून पडलेलं नाव, त्यात हॅमचा संबंध नाही. लोकांनी मागचा 'बर्गर' तोडला आणि आता दादर स्टेशनबाहेर व्हेज बर्गर मिळतो. मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या गावाचं नाव. त्यातला शेपटाचा तुकडा तोडून वॉकेथॉन झाला आणि आपल्या शाळांच्या पत्रकांत तो सर्रास छापला जातो. 'थॉन' म्हणजे चालणं किंवा धावणं असा अर्थ ग्रीकांना कधी ठाऊक नव्हता. पण चार लोकांनी वापरला, पुढच्याला कळला, की शब्द उभा राहिला. पॉलिओमिनोचंही तेच. त्याची फोड मूळ धरून नाही, पण नाव इतकं नेमकं आहे की तुकड्यात किती घरं हे ते नावच सांगतं. गणितात यापेक्षा चांगलं नाव कोणी पाडलं असतं असं मला वाटत नाही.

आणि पुढची अर्धी बाजू तर आपल्या मुलांना शिकवावीही लागत नाही. पेंट म्हणजे आपला पंच. ऑक्टो म्हणजे अष्ट. हेप्ट म्हणजे सप्त. जिथे आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला स तिथे ग्रीकात पुष्कळदा ह येतो. आमच्या मजल्यावरचे काठियावाडी शेजारी बोलताना सातला 'हात' म्हणतात, त्यामुळे माझ्या नातीला हे समजावायला वेळ लागला नाही. पॉलि म्हणजे पुष्कळ, आणि संस्कृतातला 'पुरु' हा त्याचा भाऊ. हे एवढं पत्रकात छापलं असतं तर मराठी मुलाला पेंटोमिनो परका वाटलाच नसता.

गोलोंबची युक्ती दुसऱ्यांनीही उचलली. दोन समभुज त्रिकोण जोडले की शंकरपाळ्याचा आकार होतो. पत्त्यांतल्या चौकटचा आकारही तोच, आणि इंग्रजीत त्याला डायमंड म्हणतात. ग्लासगोचे टी. एच. ओबेर्न यांनी त्यातला 'डाय' म्हणजे दोन असं धरून तीन त्रिकोणांना ट्रायमंड, सहांना हेक्सियमंड आणि सगळ्यांना मिळून पॉलियमंड म्हटलं. सहा त्रिकोणांचे आकारही १२च होतात. आणि डायमंडमध्येही दोन नाहीत. तो ग्रीक 'अडमास'वरून आला, ज्याचं दमन होत नाही तो, आणि कोशांत बहुधा हीच व्युत्पत्ती देतात. आपल्याकडे त्याला शब्द आहे: अदम्य. घराचा दम वेगळा आणि दमनातला दम वेगळा, हे मात्र मुलांना आवर्जून सांगा, नाहीतर ती दोन्ही एकत्र करतील.

टेट्रिस हाही असाच जोडशब्द. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्हला पेंटोमिनोची कोडी आवडायची. १९८४ साली त्याने त्यावरून संगणकावरचा खेळ रचला, पण पाच घरांचे तुकडे जास्त होतात म्हणून चार घरांचे घेतले. चारचा टेट्रा आणि त्याचा आवडता खेळ टेनिस, मिळून टेट्रिस. लोकलमध्ये फोनवर जे तुकडे पाडत मुलं चर्चगेटपर्यंत जातात ते टेट्रोमिनो आहेत, हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

आता संच घेतल्यावर त्याचं काय करायचं, कारण पत्रकात हेही नाही. मुलाला पहिल्याच दिवशी ६ × १० द्यायचं नाही. कागदावर ३ × ५ ची चौकट आखायची आणि तीन तुकडे निवडून भरायला सांगायचं. मग पाच तुकड्यांत ५ × ५. पी हा तुकडा सगळ्यात समजूतदार, तो शेवटासाठी राखून ठेवायचा. एक्स आधी बसवायचा, कोपऱ्यापासून दूर, कारण तो कोपऱ्यात बसूच शकत नाही. हात सरावला की ५ × १२ (१०१० प्रकार), मग ४ × १५ (३६८ प्रकार). ३ × २० शेवटी. ते फक्त दोन प्रकारे भरतं, आणि दोन्हींत यूच्या खोबणीत एक्सची एक भुजा अडकलेली असते. एवढी खूण मी मुलांना देतो, पुढचं त्यांचं त्यांनी शोधायचं.

सोसायटीतली थोडी मोठी मुलं आली की मी डबा बाजूला ठेवतो आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा काढतो. चार घरांचे आकार पाचच होतात. पाच चोक वीस, मग त्यांतून ४ × ५ चा आयत का होत नाही? मुलं खूप खटपट करतात. मग पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवायला सांगायची. चार तुकडे प्रत्येकी दोन काळी, दोन पांढरी घरं झाकतात. एकटा टी तीन आणि एक झाकतो. आयतात काळी-पांढरी दहा-दहा. जमणारच नाही. कोणाचंही न ऐकता, स्वतःच्या हाताने रंगवून 'हे होणं शक्यच नाही' हे बारा वर्षांच्या मुलीने सिद्ध केलं की तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हे सगळं करतो. हेक्सोमिनोंचे ३५ आकार मिळूनही आयत होत नाही, त्याचंही कारण याच जातीचं.

गोलोंबचं स्वतःचं एक प्रमेय तर आठवीच्या मुलालाही कळतं. ८ × ८ चा पट घ्या, त्यातलं कुठलंही एक घर काढून टाका. उरलेली ६३ घरं एल आकाराच्या २१ ट्रोमिनोंनी नेहमी झाकता येतात. पटाचे चार भाग करायचे. एका भागात रिकामं घर आहे. बरोबर मध्यावर एक एल असा ठेवायचा की उरलेल्या तीन भागांचं एकेक घर झाकलं जाईल. आता चारही ४ × ४ भागांत प्रत्येकी एक घर नाही, म्हणजे तोच प्रश्न लहान झाला. पुन्हा चार भाग, पुन्हा मध्ये एक एल. हे मी बिल्डिंगच्या गच्चीवर खडूने आखून दाखवतो.

कारागिराला एक सूचना करावीशी वाटते. १९०७ साली इंग्लंडमधल्या हेन्री ड्युडनी यांनी हेच बारा तुकडे, नाव पडायच्या कितीतरी आधी, एका कोड्यात वापरले होते. सोबत २ × २ चा एक चौकोनी तुकडा, म्हणजे ६० आणि ४ मिळून पूर्ण बुद्धिबळाचा पट. तो एक जादा तुकडा आणि ८ × ८ चं तबक दिलं तर संच कितीतरी मोठा होईल. २ × २ चा तुकडा बरोबर मध्ये ठेवून उरलेला पट भरण्याचे ६५ प्रकार आहेत. ते १९५८ साली डॅना स्कॉट यांनी संगणकावर मोजले. शंभर-दीडशे रुपये जास्त घेतले तरी लोक देतील.

दुकानदारांना मी पत्रकाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही बरोबर काय ते लिहून द्या, मी माल देणाऱ्याकडे पोचवतो." मी दिलेला मजकूर असा:

'पेंटोमिनो हा शब्द सॉलोमन गोलोंब यांनी १९५३ साली केला. दोन घरांच्या तुकड्याला इंग्रजीत डॉमिनो म्हणत. त्यातला ड म्हणजे दोन असं मानून त्यांनी तो काढला आणि त्याजागी ग्रीक पेंट, म्हणजे पाच, लावला. प्रत्यक्षात डॉमिनो हा शब्द लॅटिन डोमिनुस, म्हणजे घराचा स्वामी, यावरून आला असून त्याचा दोनशी संबंध नाही. ग्रीक पेंट आणि आपला पंच, तसंच डोमिनुस आणि दंपती यांतला पहिला भाग, हे एकाच कुळातले आहेत. ६ × १० चं तबक २३३९ प्रकारे भरतं. तुमचा प्रकार वहीत काढून ठेवा.'

हा मजकूर कोणालाही, कुठल्याही संचासोबत छापायचा असेल तर खुशाल छापावा. माझं नाव घालायची गरज नाही, फक्त छापण्याआधी प्रूफ एकदा नीट वाचून घ्या.